लक्ष्मम्मांचा दुसरा भाग

लातूरला लक्ष्मम्मांच्या घरी 'नापास' हा शब्द चालत नाही. तिथं 'पुढच्या वर्षी' म्हणायचं. कुणी तापानं फणफणली तर ती 'आराम करून राहिली', आणि गॅस संपला तर 'गॅस वाढला'. तांदूळ संपले न म्हणता वाढले म्हणायची रीत आपल्याकडं सगळीकडंच आहे, पण लक्ष्मम्मांनी ती घरभर पसरवलेली. एकदा एक मुलगी चाचणीचा पेपर घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, "अम्मा, माझे फिजिक्सचे मार्क लई वाढले." लक्ष्मम्मांनी खुशीत तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मागं उभ्या असलेल्या मुली हसून लोळायला लागल्या, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. "चावट कुठल्या," एवढंच म्हणाल्या. गूळ काही परत घेतला नाही.

माझी मुलगी मंजुश्री गेल्या जूनपासून त्यांच्याकडं राहते. आम्ही नांदेडचे. बारावीनंतर नीटमध्ये तिला सरकारी कॉलेजपुरते मार्क पडले नाहीत, म्हणून एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यायची असं आम्ही तिघांनी ठरवलं. त्या तिघांत तिचा आवाज किती होता, हे आता आठवून सांगता येत नाही. नांदेडला क्लास कमी आहेत असं नाही, पण अमरेशना, म्हणजे माझ्या मिस्टरांना, वाटलं की गाव बदललं की मन लागेल. ते रेल्वेच्या ऑफिसात आहेत, बदलीवर त्यांचा विश्वास आहे.

नात्यातल्या कुणीतरी लक्ष्मम्मांचं नाव सांगितलं. मूळच्या उदगीरकडच्या, कानडी-मराठी मिसळून बोलणाऱ्या. उंच, हाडं दिसणारं शरीर, कपाळावर विभूती, गळ्यात चांदीच्या करंड्यातलं लिंग. त्यांचे यजमान शरणप्पा आडत बाजारात होते. ते गेल्यावर बाईंनी वरच्या मजल्यावर खोल्या पाडल्या आणि क्लासच्या मुली ठेवायला सुरुवात केली. सात-आठ मुली, दोन वेळचं जेवण, आणि एक नियम: साधे बटणाचे मोबाईलच आणायचे, तेही संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. सकाळी क्लासहून आल्यावर मिळतील.

सकाळी उठून अंघोळ करून त्या लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसत. तेवढा वेळ तोंडातून शब्द नाही. दूधवाला हाका मारून जाई, कुकर शिट्ट्या देई, मुली खाणाखुणा करून डबे भरून घेत.

मंजूला सोडायला गेले त्या दिवशी माझा चेहरा बघून त्यांनी मला आत बसवलं, चहा दिला.

"ताई, घाबरू नका. माझ्या घरात वाईट शब्द न्हाई, म्हून वाईट येत बी न्हाई."

"तसं नाही अम्मा, ती फार मनाला लावून घेते."

"तुम्हाला एक सांगते. आमचे मालक सोलापूरला दवाखान्यात हुते. डॉक्टरनं हात टेकले. मी त्यांना रोज म्हणायची, बरं हाय, उद्या घरी जाऊ. अगदी शेवटपर्यंत. हासत गेले ते. चांगला शब्द औषधावानी असतो."

मी बी.एस्सी. झालेली बाई. शब्दानं औषधाचं काम होत नाही हे मला कळतं. तरी नांदेडची एसटी पकडली तेव्हा मन हलकं झालं होतं. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. "ताई, मंजू छान हाय. दोन भाकरी खाल्ली. हासत हुती." मी तेवढ्यावर रात्र काढायची.

मंजूचा स्वतःचा फोन दुपारी यायचा. दिवाळीपर्यंत बरी बोलायची. मग चाचण्यांचे मार्क खाली यायला लागले आणि तिचं बोलणंही. "जेवलीस का?" "हं." "पेपर कसा गेला?" "बघते." संक्रांतीनंतर तर फोनवर तिचा नुसता श्वास ऐकू यायचा. मी विचारत राहायची आणि ती 'हं' देत राहायची. लातूरमधल्या मुलांच्या बातम्या पेपरात येतात. आम्ही आया तो पेपर घडी घालून ठेवतो, पण वाचलेला असतोच.

त्या सगळ्यात तिला बोलतं करणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे रविवारची सिरियल.

रविवारी सकाळी क्लासची चाचणी असते. ती देऊन आल्या की दुपारी लक्ष्मम्मांच्या टीव्हीवर मुलींना एक तास मुभा. त्या तासाला 'नौका ग्यारह' नावाची हिंदी मालिका लागायची. पृथ्वीवरून निघालेलं एक मोठं यान, त्यात हजारो माणसं गाढ झोपवलेली, आणि मोजके लोक जागे राहून ते यान दूरच्या ग्रहाकडं नेतात. भाजी निवडत लक्ष्मम्माही समोर बसायच्या. यानाला त्या गाडी म्हणत, कॅप्टनला मुकादम. "एवढी माणसं झोपलीत, आन् ह्यांला सैपाक करणारं कोण दिसत न्हाई," अशी त्यांची तक्रार होती. मुली म्हणायच्या, "अम्मा, ते गोळ्या खातात." "मंग तोंडं अशीच व्हणार."

फेब्रुवारीत त्या मालिकेचा एक मोठा भाग दोन रविवारांत विभागून दाखवायचं ठरलं होतं. पहिल्या भागानंतर मंजूचा फोन आला, आणि कितीतरी दिवसांनी ती सलग बोलली. मी दूध गॅसवर ठेवलेलं विसरले.

"मम्मी, इरा आहे ना, ती पायलट. ती छोट्या यानातून बाहेर गेलीये दुरुस्तीला. आणि तिचं ऐकायचं यंत्र बंद पडलंय. ती बोलते ते मोठ्या यानात सगळ्यांना ऐकू येतंय. पण ते बोलतात ते तिला ऐकूच येत नाही. आणि तिकडं रेडिओवर कोण बसलंय, तर तिची आई."

"अरे बापरे."

"ती विचारते, कोणी आहे का? आणि आई ओरडते, आहे, आहे, मी आहे. आणि तिथंच संपलं. पुढचा भाग पुढच्या रविवारी." मग म्हणाली, "तिला वाटतंय कोणीच ऐकत नाहीये. तरी ती बोलतेय. कसं वाटत असेल?"

"अगं, सिरियल आहे ती," म्हणाले. "चाचणी कशी गेली?"

"हं," ती म्हणाली.

दुसरा भाग मोबाईलवरच्या ॲपवर आधीच आला होता. दुपारी अमरेश ऑफिसात असताना मी तो लावला. मुकादम, म्हणजे कॅप्टन, यान मागं वळवायचं की नाही यावर विचार करतो. वळवलं तर झोपलेल्या सगळ्यांचा जीव जातो. वळवत नाही. इराची आई कानाला यंत्र लावून बसून राहते. इरा एकटीच बोलत असते, लहानपणीच्या गच्चीबद्दल, एका हरवलेल्या चपलेबद्दल. शेवटी म्हणते, "कोणी ऐकत असेल तर सांगते, मी घाबरलेली नाही. थोडी आहे." मग आवाज येत नाही. यान पुढं जातं. आई कानावरचं यंत्र काढत नाही. एवढंच.

मी मोबाईल पालथा ठेवला. माझ्या मुलीनं हे बघितलं तर तिच्या मनात काय उभं राहील, हे मला दिसत होतं आणि काय करावं ते दिसत नव्हतं. बघू नको म्हणावं तर नक्की बघणार. काही न बोलावं तर रविवार येणारच. मी तशीच बसले होते तेवढ्यात लक्ष्मम्मांचाच फोन आला.

त्यांनाही चैन पडत नव्हतं. कोपऱ्यावरच्या मोबाईलच्या दुकानातला जीशान त्यांच्या डिशचं बघतो. त्याला त्यांनी गाठलं होतं.

"जीशान, त्या पोरीचं पुढं काय होतंय रे?"

"अम्मा, वो नै आती वापस."

"येत न्हाई म्हंजे? कुठं जाती मंग?"

"किधर बी नै जाती अम्मा. ख़तम."

"तोंड धू जा आधी!"

हे सगळं मला सांगून त्या म्हणाल्या, "ताई, परीक्षेच्या तोंडावर माझ्या घरात पोरगी मरायची न्हाई. टीव्हीत बी न्हाई. मी जीशानला म्हणले, डिशचा डबा काढून ने. तो म्हणला, ख़राब है क्या? म्हणले, नसंल तर कर."

"पण अम्मा, मुली विचारतील ना, पुढं काय झालं?"

"तेच तर. कथा अर्धी सोडली तर ती बी लागती. सांगणाऱ्याला बी, ऐकणाऱ्याला बी." मग म्हणाल्या, "बघते मी."

मी हो म्हणाले नाही. नकोही म्हणाले नाही.

रविवारी दुपारी काय झालं ते नंतर मुलींकडून कळलं. टीव्ही बंद बघून सगळ्यांची तोंडं उतरली. लक्ष्मम्मा पोळपाट घेऊन मधोमध बसल्या आणि म्हणाल्या, "रडू नका. मी बघितलाय दुसरा भाग. ऐका."

आणि त्यांनी सांगितला. इराची आई मुकादमाच्या पुढं पदर पसरते. मुकादम कडक, पण त्याला बी घरी लेक असते. तो गाडी वळवतो.

"अम्मा, अंतराळात अशी गाडी वळत नाही."

"तुमच्या पुस्तकात वळत नसंल. मुकादमाला म्हाईत हाय."

झोपलेली सगळी माणसं एकदम जागी होतात आणि खिडक्यांना तोंडं लावून इराला हाका मारतात, इतक्या मोठ्यानं की यंत्राशिवाय तिला ऐकू जातं. छोटी गाडी मोठ्या गाडीला येऊन लागते. दारातच आई लेकीवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकते. कुठं टाकते, असं एकीनं विचारलं. "आकाशात. जागा काय कमी हाय?" लक्ष्मम्मा म्हणाल्या. मग इरा अंघोळ करून गरम भात खाते, आणि सगळी गाडी पुढं जाते.

मुलींनी टाळ्या वाजवल्या. मंजूनं वाजवल्या नाहीत.

"अम्मा, तुम्ही खरंच बघितलात?"

"हाव तर."

"खरंच?"

"बघितला म्हंते ना, अव्वा." लाडानं त्या मुलींना कानडीत 'अव्वा', म्हणजे आई, म्हणायच्या.

सोमवारी क्लासमध्ये, दुसऱ्या होस्टेलवरच्या मुलींकडून, मंजूला खरा शेवट कळला. संध्याकाळी जेवताना तिनं लक्ष्मम्मांना शांतपणे विचारलं, "अम्मा, मी या वेळी पास होईन का?"

"होशील की! पयला नंबर!"

मंजूनं त्यांच्याकडं बघितलं, ताटातली अर्धी भाकरी तशीच ठेवली आणि वर गेली. लक्ष्मम्मांनी मला फोनवर सांगितलं, छान हाय, दोन भाकरी खाल्ली.

मंगळवारी सकाळी त्या पूजेला बसलेल्या असताना मंजू पिशवी घेऊन समोरून गेली. लक्ष्मम्मांनी तिला जाताना बघितलं. आज लवकर क्लास असेल असं त्यांना वाटलं, आणि पिशवी रोजच्यापेक्षा मोठी आहे हेही दिसलं. पण लिंग हातावर होतं. त्या बोलल्या नाहीत. पूजा मोडून हाक मारायची हे त्यांच्या आयुष्यात कधी घडलेलं नव्हतं.

माझ्या मोबाईलवर क्लासचा मेसेज आला: आपला पाल्य आज अनुपस्थित आहे. मी भाजी चिरत होते. मंजूला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा. शेवटी कुणीतरी उचलला आणि पलीकडं भांड्यांचा आवाज आला.

"मंजू?"

"ताई, मी हाय. लक्ष्मम्मा." त्या धापा टाकत होत्या. "फोन डब्यातच हाय. पीठ मळून राहिले, तर डबा वाजायला लागला. वाजून राहिला, वाजून राहिला…"

"मंजू कुठंय?"

त्या काही बोलल्या नाहीत. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला त्यांच्याकडून चांगला शब्द मिळाला नाही.

त्यानंतरचे तास कसे सांगू? अमरेश ऑफिसातून तसेच नांदेडच्या स्टँडवर गेले. लातूरहून येणारी प्रत्येक एसटी बघत उभे राहिले. मला म्हणाले तू घरी थांब, ती घरी आली तर कुलूप दिसायला नको. म्हणून मी घरी थांबले. थांबणं एवढंच काम माझ्या वाट्याला होतं. लातूरला जीशान मोटरसायकलवर क्लास, ग्रंथालय, स्टँड, स्टेशन सगळीकडं फिरला. पोलिसांत अमरेशनीच फोनवरून कळवलं. मुलीचं वर्णन विचारलं तेव्हा ते म्हणाले, "साधी आहे." बाकीचं नंतर मीच पोलिसांना फोनवर सांगितलं: उंची, रंग, ड्रेस. ड्रेस कुठला ते मला माहीतच नव्हतं. लक्ष्मम्मांना विचारलं. त्यांनी लगेच सांगितलं. त्यांनी तिला जाताना नीट बघितलं होतं ना.

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मम्मी."

"कुठं आहेस गं?"

"लोह्याच्या स्टँडवर. एका काकूंचा फोन आहे. मी नांदेडला यायला निघाले होते, पण इथं उतरले." तिचा आवाज सपाट होता. "मला दुसरा भाग बघायचाय. तू बघू देशील तर येते."

"ये. बघू. ये फक्त."

"खोटं नको बोलूस."

"नाही बोलत."

मागून त्या काकूंचा आवाज आला, "बाई, पोरगी बसून हाय हितं कवापासून. मी हलू देत न्हाई तिला, या तुम्ही." त्या काकूंचं नाव मी विचारलंसुद्धा नाही. अमरेश लोह्याला पोचले तेव्हा त्या मंजूला अर्धा डबा खायला लावून धर्माबादच्या गाडीत बसल्या होत्या.

घरी आल्यावर मंजूनं हातपाय धुतले आणि पलंगावर बसली. मी मोबाईल उशीला टेकवून भाग लावला. शेजारी बसले. बघायचं नव्हतं मला, पण उठून जाणंही शक्य नव्हतं. इरा गच्चीबद्दल बोलली, चपलेबद्दल बोलली. शेवटचं वाक्य आलं तेव्हा मी मंजूचा हात धरला. तिनं तो काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

"बघ," ती म्हणाली. "तिला कोणी फसवलं नाही."

"तिला काही ऐकूच येत नव्हतं, बाळा."

"म्हणूनच. किती घाबरायचं ते तिनं स्वतः ठरवलं. मला सगळे म्हणता, होईल, होईल, होशीलच. पप्पा म्हणतात, सर म्हणतात, अम्मा म्हणतात. म्हणजे मी घाबरायचं पण नाही का? अम्मांनी गोष्टीतसुद्धा खोटं सांगितलं. मग बाकीचं काय खरं असणार?"

'होईल सगळं नीट' एवढंच ओठांवर होतं, आणि तेच म्हणायचं नव्हतं. ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावलं. कडी लावू नको, एवढं म्हणाले. तिनं कडी लावली नाही. मी दाराबाहेर सतरंजी टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला लक्ष्मम्मा आल्या. घरातल्या सगळ्या मुलींना शेजारणीच्या हवाली करून, पहिल्या एसटीनं. त्या इतकी वर्षं लातूर सोडून कुठं गेल्याचं ऐकिवात नव्हतं. चपला काढल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही, विचारलं, "कुठं हाय?" मी दार दाखवलं. त्या दाराशी खाली बसल्या.

"मंजू, अव्वा. मी आले. दार नको उघडू. नुसतं ऐक."

आतून काही नाही.

"ती पोरगी येत न्हाई. मला आदीच म्हाईत हुतं. जीशाननं सांगितलं. मी बघितलाच न्हाई तो भाग. खोटं बोलले."

लक्ष्मम्मा दाराच्या आणखी जवळ सरकल्या.

"आन् तू पास हुशील का न्हाई, ते बी मला म्हाईत न्हाई. मला तुमची पुस्तकं वाचता येत न्हाईत. पयला नंबर म्हणले ते उगंच म्हणले."

अमरेश माझ्याकडं बघायला लागले. त्यांना वाटलं बाई हे काय बोलून राहिली. मलाही तसंच वाटलं, आणि मी लक्ष्मम्मांना थांबवलं नाही, कारण मला दुसरं काही येत नव्हतं.

लक्ष्मम्मांनी पदरानं तोंड पुसलं. "आमच्या मालकांचं सगळ्यांला सांगत आले, हासत गेले म्हून. तुझ्या मम्मीला बी सांगितलं. हासत न्हाई गेले. मी रोज म्हणायची, बरं हाय, उद्या घरी जाऊ. एक दिवस म्हणले, लक्ष्मी, डॉक्टर खोटं बोलतो, भाऊ खोटं बोलतो, तू बी? आन् तोंड भिंतीकडं केलं. त्यानंतर माझ्याशी बोलले न्हाईत. मी बोलून राहिले, बोलून राहिले. त्यांनी ऐकलं असंल, नसंल. तसेच गेले."

बाहेर रस्त्यावर भंगारवाल्याची हाक चालली होती, ती लांब गेली.

मग आतून मंजूचा आवाज आला. "आणि मी नापास झाले तर, अम्मा?"

लक्ष्मम्मांचे ओठ हलले. शब्द बाहेर यायला वेळ लागला. "तर… तर नापास."

"मग?"

"मग म्हाईत न्हाई. घरी भाकरी हाय. एवढं म्हाईत हाय."

दार उघडलं. मंजू रडत होती. लक्ष्मम्मा उठल्या नाहीत, त्यांचे गुडघे धरले होते. मंजूच त्यांच्याजवळ खाली बसली.

मला वाटलं आता झालं. आता ती आमच्याकडं राहील, परीक्षा राहू दे, कॉलेज राहू दे. मी तसं म्हटलं. अमरेशही म्हणाले, आणि मला माहीत आहे त्यांना ते म्हणताना किती जड गेलं.

"इथं बसले तर तुमची तोंडं बघत बसेन," मंजू म्हणाली. "मी अम्मांबरोबर जाते. जमलं तर परीक्षा देईन. नाही जमलं तर सांगेन."

"आम्हाला कसं कळणार तू कशी आहेस ते?"

"अम्मा सांगतील." मग लक्ष्मम्मांकडं वळून, "पण खरं सांगायचं. संध्याकाळचा फोन करता ना मम्मीला, त्यातपण."

लक्ष्मम्मांनी माझ्याकडं बघितलं नाही. "ताई, ती दिवाळीपासून धड जेवत न्हाई," त्या जमिनीकडं बघत म्हणाल्या. "मी तुम्हाला दोन भाकरी, दोन भाकरी म्हणत आले."

मला त्या दोन भाकऱ्या हव्या होत्या म्हणूनच त्या मिळत होत्या.

अमरेशनी चौकशी करून लातूरला एका मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंची वेळ घेतली. मंजू आठवड्यातून एकदा जायला तयार झाली. आता ती आत असते तेवढा वेळ लक्ष्मम्मा बाहेर बाकावर बसून राहतात. गुरुवारी दोघी एसटीनं निघाल्या. खिडकीतून मंजूनं हात हलवला का, मला दिसलं नाही. मध्ये पेरूवाला उभा होता.

तेव्हापासून संध्याकाळी फोन येतो. पूर्वी मी त्याची वाट बघायची. आता फोन वाजला की आधी पदराला हात पुसते, मग उचलते.

"आज अर्धी भाकरी. भात न्हाई."

"बोलली का?"

"जीशानच्या दुकानावरून येताना काहीतरी बोलली, कुत्र्याबद्दल. मग न्हाई."

एक दिवस म्हणाल्या, "रडली वाटतं, डोळे लाल हुते. मी विचारलं न्हाई." मी रात्रभर जागी. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आज हासली. कशाला ते म्हाईत न्हाई." त्याचाही आनंद धड घेता आला नाही. हसली ते खरं, हे कळलं होतं, आणि उद्याचं कुणालाच माहीत नव्हतं.

मी येऊ का म्हणून विचारलं, तर त्यांनी फोन धरूनच वर जिन्याकडं हाक मारली. मग मला म्हणाल्या, "नको म्हणती. रविवारी या म्हणती, चाचणी झाल्यावर."

काल मला राहवलं नाही. "अम्मा," म्हटलं, "होईल ना हो सगळं नीट?"

पलीकडं ताटं मांडल्याचे आवाज येत होते. कुणीतरी लोणचं मागत होतं. लक्ष्मम्मांना काय म्हणावंसं वाटत असेल ते मला कळत होतं, आणि त्यांनी ते म्हणावं असं मला फार वाटत होतं.

"म्हाईत न्हाई, ताई," त्या म्हणाल्या.

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.